मुख्य गायकाच्या मागे उभे असलेले आवाज : पुरुष गायकवृंदांची गाणी

मंद्रषड्ज :

पाश्चात्त्य पुरुष गायकवृंदांच्या गाण्यांवर आपल्याकडे जे काही लिहिले जाते, ते बहुतेक वेळा मुख्य गायकाविषयी असते. त्याच्या मागे एका रेषेत उभे राहून, एकसारखे कोट घालून, बोटांनी चुटक्या वाजवणाऱ्या उरलेल्या तिघाचौघांना छायाचित्रात जागा मिळते, पण लेखात मिळत नाही. हा धागा त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे असे की, या प्रकारातल्या चांगल्या गाण्यांचा डोलारा मागच्या आवाजांवर उभा असतो आणि मुख्य गायक बदलला तरी गाणे टिकते, पण मागची रचना बदलली तर ते कोसळते.

उदाहरण म्हणून टेम्प्टेशन्स या डेट्रॉइटच्या पाच जणांच्या वृंदाचे ‘माय गर्ल’ घेऊ. स्मोकी रॉबिन्सन आणि रॉनल्ड व्हाइट यांनी ते लिहिले. हे दोघेही मिरॅकल्स या दुसऱ्याच वृंदातले गायक होते. डिसेंबर १९६४ मध्ये प्रकाशित झालेले हे गाणे मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सुरुवातीला जेम्स जेमर्सनच्या बेस गिटारचे मोजके स्वर येतात आणि त्यांवर रॉबर्ट व्हाइटची गिटार सा रे ग प ध सां अशी सरळ चढत जाते. भूपाच्या आरोहाचे हे स्वर ऐकून आपल्या कानांना लगेच ओळख पटते. अर्थात तो भूप नव्हे, कारण पुढच्याच क्षणी कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह) बदलते आणि तीच सुरावट मध्यमाला षड्ज मानून पुन्हा वाजते.

मग डेव्हिड रफिन गाऊ लागतो. त्याच्या आवाजातली हलकी खरखर ध्यानात घेऊनच रॉबिन्सनने गाणे बांधले होते, असे सांगितले जाते, आणि ते पटतेही. परंतु आता रफिनकडे दुर्लक्ष करून मागे ऐका. सर्वांत खाली मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज आहे, सर्वांत वर एडी केंड्रिक्सचा फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या गळ्यापलीकडचा पातळ, अतिउंच आवाज आहे आणि मधली जागा पॉल विल्यम्स व ओटिस विल्यम्स यांनी भरली आहे. शीर्षकाचे दोन शब्द रफिन म्हणतो आणि मागचे आवाज ते झेलून पुन्हा म्हणतात. व्हायोलिनच्या तुकड्यानंतर सगळे गाणे एक पूर्ण स्वर वर सरकते, तेव्हा रफिनच्या गळ्यावर येणारा ताण आपल्याला आर्त वाटतो, तो या मागच्या आवाजांच्या स्थिरपणामुळेच. ही मागची रचना रॉबिन्सनने लिहून दिली नव्हती. ती त्याने वृंदावर सोपवली होती.

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्यांची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. फरक इतकाच की, आपले झीलकरी एकाच सुरात मिळतात आणि हे चौघे चार वेगळ्या सुरांवर उभे राहून मिळतात. मागच्या आवाजांसाठी ऐकावीत अशी आणखी गाणी आपण सुचवावीत आणि ती का ऐकावीत हेही लिहावे. नुसत्या याद्या नकोत.

जुनी_तबकडी :

धागा उत्तम आहे, परंतु सुरुवात तीस वर्षे आधी करायला हवी होती. ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स हे चार सख्खे भाऊ १९३१ पासून तबकड्यांवर गात होते आणि तोंडाने ट्रंपेट, ट्यूबा, ट्रॉम्बोन यांचे आवाज काढत होते. साथीला बहुतेक वेळा फक्त एक गिटार असे. त्यांचे ‘पेपर डॉल’ १९४३ मध्ये बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

त्यांच्याहूनही मला महत्त्वाचे वाटतात ते इंक स्पॉट्स. १९३९ च्या ‘इफ आय डिडन्ट केअर’ या गाण्यात बिल केनी उंच टेनरमध्ये कडवे गातो आणि मग ऑर्व्हिल जोन्स तेच कडवे अत्यंत खालच्या आवाजात, न गाता, बोलून दाखवतो. एक आवाज छतावर आणि एक तळघरात, अशी ही मांडणी लोकांना इतकी आवडली की वृंदाने पुढची कित्येक गाणी त्याच साच्यातून काढली. साचा सरधोपट होता हे मान्य करूनही म्हणतो की, नंतरच्या प्रत्येक पुरुष वृंदात एक अतिउंच आणि एक अतिखोल आवाज असलाच पाहिजे हा दंडक येथूनच पडला.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, आणि पुढे इटालियन वस्त्यांमध्येही, तरुण मुले रस्त्याच्या कोपऱ्यांवर, जिन्यांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उभी राहून गाऊ लागली. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मागच्या मुलांनी निरर्थक अक्षरांतून वाद्यांची कामे वाटून घेतली. भुयारांत आणि जिन्यांत आवाज घुमतो, हा लाभ फुकटचा होता. याच गाण्यांना पुढे डू-वॉप हे नाव पडले. फाइव्ह सॅटिन्सचे ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६ मध्ये न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झाले. ते ऐकताना मुख्य गायकाच्या आधी मागची अक्षरे कानात बसतात. गाण्याचे शब्द विसरलेल्या माणसालाही ती अक्षरे म्हणता येतात.

चिकित्सक_वाचक :

माझा एक आक्षेप नोंदवतो. डू-वॉपची शंभर गाणी ऐकली तर त्यांतल्या बहुसंख्य गाण्यांत त्याच चार कॉर्ड त्याच क्रमाने फिरताना आढळतात. सा, ध, म, प या स्वरांवर एकेक कॉर्ड उभी करायची आणि पुन्हा ‘सा’कडे यायचे. रागसंगीत ऐकणाऱ्याला हे चक्र दहा मिनिटांत कंटाळवाणे वाटू लागते. मागच्या आवाजांचे कौतुक करताना आपण रचनेच्या दारिद्र्याकडे डोळेझाक करत आहोत का?

जुनी_तबकडी :

आक्षेप रास्त आहे, पण चार कॉर्डचे चक्र हा येथे ठेका समजावा. त्रितालाची सोळा मात्रांची चौकट पुन्हापुन्हा येते म्हणून आपण तबलजीला दरिद्री म्हणत नाही. चक्र सर्वांना पाठ असल्यामुळेच अनोळखी मुले एका कोपऱ्यावर भेटून लगेच गाऊ शकत होती.

आणि याच चक्रात कोण काय करतो हे पाहायचे असेल, तर पिट्सबर्गच्या मार्सेल्सचे १९६१ चे ‘ब्लू मून’ ऐकावे. रॉजर्स आणि हार्ट यांचे हे तीसच्या दशकातले संथ, हळवे गाणे. मार्सेल्सनी त्याच्या आरंभी खर्जाच्या गायकाला एकट्याला मोकळे सोडले आणि त्याने अक्षरांची अशी काही फैर झाडली की मूळ गाणे सुरू होण्यापूर्वीच ऐकणारा जिंकला गेला. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. येथे मागचा आवाजच पुढे आला आहे आणि चाल त्याच्या मागे उभी आहे.

साळकाठ :

मी मडगावचा. लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये (गायकवृंदात) गायलो असल्याने या विषयावर थोडे लिहितो. झीलकरी एका सुरात मिळतात हे मंद्रषड्ज यांचे निरीक्षण योग्य आहे, परंतु स्वरमेळाची परंपरा आपल्या किनाऱ्यावर मुळीच नाही असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मांडो हा कोंकणी गीतप्रकार दोन आवाजांत गायला जातो. दुसरा आवाज पहिल्याच्या खाली, बहुतांशी तिसऱ्या स्वराच्या अंतरावर चालतो आणि साथीला व्हायोलिन व घुमट हे मातीचे तालवाद्य असते. गोव्याच्या चर्चशाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत, आणि तीच मुले पुढे मुंबईत येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली सर्वज्ञात नावे.

तरीही हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांत स्वरमेळ प्रामुख्याने व्हायोलिनांच्या ताफ्यात राहिला, गळ्यांत फारसा उतरला नाही. कोरस असला तरी तो मुख्य गायकाला उत्तर देई, त्याच्या सुराखाली दुसरा सूर धरत नसे. सलील चौधरी यांचा ठळक अपवाद. त्यांनी बॉम्बे यूथ कॉयर उभारले आणि गळ्यांचे थर कसे रचता येतात हे दाखवून दिले. माझ्या मते कारण साधे आहे. आपल्याकडे गाणे हे एका गळ्याचे विधान मानले जाते आणि त्याखाली दुसरा सूर चालू लागला की श्रोत्याला राग बिघडल्याचा भास होतो.

कॉयरमध्ये मी मधला आवाज गात असे, म्हणून एक तपशील सांगतो. मधल्या आवाजाला स्वतःची म्हणावी अशी चाल जवळजवळ नसते. ओळच्या ओळ एकाच स्वरावर काढावी लागते, मग अर्धा स्वर खाली, पुन्हा मूळ जागी. घरी सराव करताना घरचे विचारत की हे कसले गाणे. पण तोच स्वर थोडा उतरला की संपूर्ण कॉर्ड आंबते. ‘माय गर्ल’मधल्या पॉल आणि ओटिस विल्यम्स यांच्या कामाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

मिशिगनवासी :

डेट्रॉइटजवळ राहत असल्यामुळे टेम्प्टेशन्सच्या तबकड्या काढणाऱ्या मोटाउन या कंपनीचे संग्रहालय पाहण्याचा योग आला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे दुमजली घर, दर्शनी बाजूला निळ्या अक्षरांत ‘हिट्सव्हिल यूएसए’ अशी पाटी. मागच्या बाजूचा स्टुडिओ इतका लहान आहे की एवढ्या जागेत वादकांचा ताफा मावत कसा असेल, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. वादक त्याला ‘सापांचा खड्डा’ म्हणत, कारण छतावरून तारा लोंबत असत. माळ्यावरच्या पोकळीचा उपयोग आवाज घुमवण्यासाठी केला जाई. छतातल्या त्या भोकाखाली उभे राहून टाळी वाजवली की ती टाळी तबकडीतल्यासारखी ऐकू येते. मी खर्जात एक ‘सा’ लावून पाहिला आणि मार्गदर्शक बाईंनी हसून पुढच्या दालनाकडे बोट दाखवले.

परंतु मला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. फोर टॉप्स हा याच संस्थेचा दुसरा मोठा पुरुष वृंद. लेव्हाय स्टब्ज आणि त्याचे तीन मित्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आले आणि १९९७ मध्ये लॉरेन्स पेटन यांचे निधन होईपर्यंत त्यांच्यातला एकही माणूस बदलला नाही. या धंद्यात असे उदाहरण दुर्मीळच आहे. त्यांचे १९६६ चे ‘रीच आउट आय विल बी देअर’ अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. ते ऐकताना स्टब्जच्या मागचे आवाज पुरुषी वृंदाच्या मानाने बरेच उंच आणि उजळ वाटतात. वाटतात, कारण त्यांत स्त्रियांचे आवाज आहेत. जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स या तिघींचा अँडांटीज नावाचा वृंद मोटाउनच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत मागे गात असे आणि तबकडीवर त्यांचे नाव नसे. म्हणजे ज्या गाण्यांना आपण पुरुष वृंदांची गाणी म्हणतो, त्यांतल्या काहींच्या मागे उभे असलेले आवाज पुरुषांचेच आहेत असेही नाही. मूळ विषयाचा विचार करता हा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही.

चिकित्सक_वाचक :

अँडांटीजविषयी ठाऊक नव्हते. माहितीबद्दल आभार. मग फोर टॉप्सचे उरलेले तिघे या ध्वनिमुद्रणांत काय करत होते?

मिशिगनवासी :

गात होतेच. अँडांटीज त्यांच्या वर एक थर चढवत. रंगमंचावर मात्र स्टब्जच्या मागे ते तिघेच असत, आणि त्या वेळी लॉरेन्स पेटन यांनी बांधलेल्या चौघांच्या स्वरमेळाचा कस लागे. फोर टॉप्सची सुरुवात जॅझ पद्धतीच्या क्लबगायनातून झालेली असल्यामुळे त्यांना ते जड गेले नाही.

उत्तररात्र :

किनारा बदलून कॅलिफोर्नियाला जाऊ. बीच बॉइज म्हटले की लाटा, मोटारी आणि सुट्टी एवढेच बहुतेकांना आठवते. ती गाणी मलाही फारशी आवडत नाहीत, त्यामुळे त्यांवर वेळ घालवत नाही. हॉथॉर्न या उपनगरातले ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन, असा हा घरगुती वृंद. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. किशोरवयात तो फोर फ्रेशमेन या चौघांच्या जॅझ वृंदाच्या तबकड्या पुन्हापुन्हा लावून एकेक आवाज पियानोवर शोधून काढी आणि मग भावांना तो शिकवी. त्याचे खरे शिक्षण ते.

मे १९६६ मध्ये आलेल्या ‘पेट साउंड्स’ या संग्रहातले ‘गॉड ओन्ली नोज’ मुद्दाम ऐकावे. कार्लचा आवाज अगदी सरळ, जवळजवळ अलंकाराविना लागतो. खाली मात्र कॉर्ड अशा काही सरकतात की या गाण्याचा षड्ज नेमका कोणता, याविषयी जाणकार अजून वाद घालतात. तानपुरा कोठे लावावा हेच कळू नये, असे हे गाणे आहे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक आवाज ओळ सुरू करतो, ती पुरी होण्याआधी दुसरा वेगळी ओळ घेऊन येतो, मग तिसरा, आणि हे चक्र फिरत असतानाच ध्वनी मंद होत जातो. कोणी कोणाची साथ करत नाही. मुख्य गायक हे पदच तेथे रद्द झालेले आहे.

त्याच वर्षीचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ अनेक स्टुडिओंत, अनेक महिने, तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून मग जोडलेले आहे. कौशल्य थक्क करणारे आहे, पण मला तेथे जोडकामाच्या शिवणी दिसतात. ‘गॉड ओन्ली नोज’मध्ये त्या दिसत नाहीत.

काठावरचा :

बी जीज या तीन भावांचा उल्लेख झाला नाही याचे आश्चर्य वाटले. आइल ऑफ मॅनमध्ये जन्म, मँचेस्टरला बालपण, मग ऑस्ट्रेलियात स्थलांतर आणि पुन्हा इंग्लंड. १९६७ च्या ‘मॅसॅच्युसेट्स’मध्ये रॉबिन गिबचा थरथरता आवाज पुढे आहे आणि बाकी दोघे भाऊ मागे. सख्ख्या भावांच्या आवाजांचा पोत सारखा असल्यामुळे तीन आवाज वेगळे काढणे कठीण जाते, आणि तेच त्या गाण्याचे सौंदर्य आहे.

१९७५ मध्ये मायामीत ध्वनिमुद्रण चालू असताना निर्माते आरिफ मार्दिन यांनी कोणी तरी वरच्या पट्टीत ओरडून पाहावे असे सुचवले आणि बॅरी गिबला आपला फॉल्सेटो सापडला. त्यानंतरच्या गाण्यांत बॅरी स्वतःच्याच आवाजाचे थर चढवू लागला. १९७७ च्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ची कथा तर मागच्या माणसांच्या दृष्टीने फारच बोलकी आहे. फ्रान्समधल्या शातो देरूव्हील येथे काम चालू असताना ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरच्या अडचणीमुळे जावे लागले. तेव्हा त्यांच्याच ‘नाइट फीव्हर’ या गाण्याच्या फितीतला ड्रमचा छोटा तुकडा कापून, टोके जोडून, ती फीत स्टँडच्या आधाराने फिरवत ठेवली गेली आणि संपूर्ण गाणे त्या फिरत्या तुकड्यावर उभे राहिले. अस्तित्वात नसलेल्या बर्नार्ड लूप नावाच्या वादकाला गंमत म्हणून श्रेयही दिले गेले. ज्या तीन स्त्रियांनी खरोखर गाऊन मोटाउन उभे केले त्यांचे नाव नाही आणि फितीच्या तुकड्याला मात्र नाव, हे वरचा प्रतिसाद वाचल्यावर अधिकच खटकले.

जुनी_तबकडी :

श्रेयाचा विषय निघालाच आहे, तर सॉलोमन लिंडा यांच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत काम करणारा हा झुलू तरुण आपल्या ओरिजिनल ईव्हनिंग बर्ड्स या पुरुष वृंदासह १९३९ मध्ये ‘एम्बुबे’ गायला. खाली खर्जाचे अनेक आवाज एकच आवर्तन घोळवत राहतात आणि वर लिंडा यांचा उंच आवाज मोकळा फिरतो. ध्वनिमुद्रण चालू असताना त्यांनी अखेरीस सहज एक उतरती सुरावट घेतली. जग आज त्या गाण्याला ओळखते ते तेवढ्या एका सुरावटीमुळे.

हक्कांच्या बदल्यात त्यांना अवघे दहा शिलिंग मिळाले. तबकडी अमेरिकेत लोकगायक पीट सीगर यांच्या हाती पडली, त्यांच्या वीव्हर्स या वृंदाने ते गाणे ‘विमोवे’ म्हणून गायले आणि १९६१ मध्ये ब्रुकलिनच्या टोकन्स या गोऱ्या तरुणांच्या वृंदाने इंग्रजी शब्दांसह ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नावाने ते पहिल्या क्रमांकावर नेले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यातच वारले. त्यांच्या वारसांना न्यायालयात दाद मागावी लागली आणि २००६ मध्ये तडजोड होऊन मोबदला मिळू लागला. टोकन्सचे गाणे वाईट नाही, गोड आहे. पण दोन्ही लागोपाठ ऐकली की नव्या गाण्यात खर्जाचे वजन केवढे घटले आहे ते कळते. लेडीस्मिथ ब्लॅक मॅम्बाझो या दक्षिण आफ्रिकेच्याच वृंदाने ते वजन पुढे जपले. जोसेफ शबालाला एकटे पुढे, आणि मागे खर्जाची भिंत.

पुणे_पूर्व :

मी नव्वदच्या दशकात वाढलो, म्हणून आमच्या पिढीच्या वतीने एवढेच. बॉइज टू मेन या फिलाडेल्फियाच्या चौघांचे ‘एंड ऑफ द रोड’ १९९२ मध्ये तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि एल्विस प्रेस्लीचा अकरा आठवड्यांचा १९५६ चा विक्रम मोडला. त्या गाण्याच्या मध्यात मायकेल मॅकॅरी आपल्या खोल आवाजात प्रेयसीशी चक्क बोलू लागतो. वर्गातली मुले तो भाग म्हणून दाखवताना हसत असत. आज जुनी_तबकडी यांचा प्रतिसाद वाचून कळले की, तो इंक स्पॉट्सचा १९३९ चा साचा होता, त्रेपन्न वर्षांनी जसाच्या तसा वापरलेला. मॅकॅरी २००३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने वृंदातून बाहेर पडले आणि उरलेले तिघे अजूनही ते गाणे गातात. तिघेही उत्तम गातात, तरी खालची जागा रिकामी असल्याचे जाणवते.

बॅकस्ट्रीट बॉइज आणि त्यांच्या समकालीनांना या चर्चेत घ्यावे की नाही, हे ज्येष्ठांनी ठरवावे. त्यांना जाहिरात देऊन गोळा केले होते, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. पण मोटाउनही गायकांना नाच शिकवण्यासाठी चोली ॲटकिन्स आणि वागण्याबोलण्याच्या रीती शिकवण्यासाठी मॅक्सीन पॉवेल यांना पगारावर ठेवतच होते.

मंद्रषड्ज :

बॅकस्ट्रीट बॉइजना जरूर घ्यावे. स्टॉकहोमच्या शिरॉन स्टुडिओत घडलेल्या १९९९ च्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’चे शब्द परस्परांशी जुळत नाहीत हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे, पण शेवटच्या ध्रुवपदाच्या आधी पट्टी चढते ती जागा ऐकावी. ‘माय गर्ल’चीच युक्ती आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या ध्वनिमुद्रणांत थर इतके गुळगुळीत केलेले असतात की मागे चार माणसे आहेत की एकाच माणसाचे चार ठसे, हे ओळखता येत नाही. मेल्विन फ्रँकलिन मात्र दोन अक्षरांत ओळखू येतो.

अँडांटीजबद्दल मिशिगनवासी यांचे आणि मधल्या आवाजाबद्दल साळकाठ यांचे विशेष आभार. ज्यांना प्रत्यक्ष ऐकून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक सोय सांगतो. १९९७ मध्ये ‘पेट साउंड्स’च्या ध्वनिमुद्रणांचा जो मोठा संच निघाला, त्यात वाद्ये काढून केवळ गळे ठेवलेली गाणी आहेत. ती हेडफोनवर ऐकावीत. ‘वुडन्ट इट बी नाइस’पासून सुरुवात करावी आणि पहिल्या वेळी सर्वांत वरचा आवाज सोडून त्याच्या खालच्या आवाजाचा पाठलाग करावा. तो हातून निसटतो. निसटला की पुन्हा पहिल्यापासून लावावे.